सरकारने ड्रग्ज वाटले, की ड्रग्जचा कायदा वापरला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे सल्लागार जॉन एर्लिकमन यांच्या नावावरचे एक विधान समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. त्याचा आशय असा: युद्धविरोधी असणे किंवा कृष्णवर्णीय असणे हा गुन्हा ठरवता येत नव्हता. म्हणून हिप्पींची सांगड गांजाशी आणि कृष्णवर्णीयांची हेरॉइनशी घातली, दोन्हींवर कडक कायदे केले आणि त्या आडून त्यांचे पुढारी पकडले, घरांवर छापे टाकले, सभा मोडल्या. हे विधान पुढे पाठवणारा बहुतेक वेळा खाली एक ओळ जोडतो, ‘सरकारनेच ड्रग्ज वाटून चळवळी संपवल्या, याची ही कबुली.’ ही जोडलेली ओळ चूक आहे. मूळ विधानही जितके भक्कम समजले जाते तितके नाही.

डॅन बॉम या पत्रकाराने १९९४ साली एर्लिकमन यांची मुलाखत घेतली होती. या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९९६ साली आले, पण त्यात हे विधान नाही. ते छापून आले एप्रिल २०१६ मध्ये, ‘हार्पर्स’ मासिकात. तोवर एर्लिकमन यांना जाऊन १७ वर्षे झाली होती आणि त्यांच्या मुलांनी ते खरे मानण्यास नकार दिला. शिवाय वॉटरगेट प्रकरणात दीड वर्ष तुरुंगात काढून आलेला हा माणूस निक्सन यांच्यावर नाराज होता. दुसरी अडचण हिशेबाची आहे. जून १९७१ मध्ये निक्सन यांनी अमली पदार्थांना ‘पहिल्या क्रमांकाचा शत्रू’ म्हटले, त्याच महिन्यात उपचारांसाठी वेगळे कार्यालय उघडले आणि त्या काळात पैशाचा मोठा वाटा मेथाडोन (हेरॉइनचे व्यसन सोडवायला दिले जाणारे औषध) देणाऱ्या केंद्रांकडे गेला. सगळा बेत फक्त तुरुंग भरण्याचा असता, तर हा खर्च कशाला केला असता? तेव्हा एका ऐकीव विधानावर एवढा इमला चढवू नये. त्याची गरजही नाही, कारण त्याहून पक्का कागद उपलब्ध आहे.

तो कागद अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा. ‘कॉइंटेलप्रो’ नावाची गुप्त मोहीम १९५६ साली कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध सुरू झाली, ऑगस्ट १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या संघटना तिच्या कक्षेत आल्या आणि मे १९६८ मध्ये विद्यार्थी व युद्धविरोधी गट. जुलै १९६८ मध्ये मुख्यालयाने देशभरच्या कार्यालयांना १२ सूचनांचे पत्र धाडले. निनावी पत्रे, व्यंगचित्रे, ‘हा आपल्यातला खबऱ्या आहे’ असा संशय पेरणे, सभेच्या वेळा-ठिकाणांबद्दल खोटी माहिती सोडणे, असे प्रकार त्यात आहेत. त्यातच एक सूचना अशी की, या विद्यार्थी व युद्धविरोधी गटांत गांजा व इतर अमली पदार्थांचा वापर सर्रास आहे, तेव्हा स्थानिक पोलिसांकरवी त्यांना ड्रग्जच्या गुन्ह्यात अटक करवण्याच्या संधीवर नजर ठेवा. दुसऱ्या एका सूचनेत म्हटले आहे की, विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत नशेचे समर्थन करणारे लेख सापडले तर ते विद्यापीठाचे अधिकारी, श्रीमंत देणगीदार, आमदार आणि पालक यांना पाठवायला उत्तम.

हे वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ड्रग्ज वाटा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. ड्रग्ज आधीच बाजारात आहेत, तरुण ते घेतात, आपण फक्त त्याचा उपयोग करून घ्यायचा, एवढाच हिशेब आहे. खर्च नाही, जोखीम नाही, आणि वाटपाचा आरोप अंगावर येण्याचा प्रश्नच नाही. ही मोहीम उघडकीस कशी आली, तेही ध्यानात घ्यावे. ८ मार्च १९७१ च्या रात्री पेन्सिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही नागरिकांनी एफबीआयचे कार्यालय फोडून हजाराहून अधिक कागद पळवले आणि वृत्तपत्रांना पाठवले. पुढच्याच महिन्यात मोहीम अधिकृतपणे बंद झाली. १९७५-७६ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेट समितीने उरलेले कागद बाहेर काढले. म्हणजे वर सांगितलेले सगळे कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

आता प्रत्यक्षात हे कसे चालते, ते बफेलो शहरातल्या मार्टिन सोस्त्रे यांच्या खटल्यावरून नीट कळते. सोस्त्रे यांचे ‘आफ्रो-एशियन’ नावाचे पुस्तकांचे दुकान होते आणि ते तरुण कार्यकर्त्यांचा अड्डा बनले होते. १९६७ च्या उन्हाळ्यात शहरात दंगल झाली आणि जुलैमध्ये पोलिसांनी त्यांना पकडले. आरोप होता १५ डॉलरचे हेरॉइन विकल्याचा. मुख्य साक्षीदार एक व्यसनी खबऱ्या. तो स्वतः चोरीच्या प्रकरणात कोठडीत होता आणि त्याला बाहेर यायचे होते. सोस्त्रे यांच्यावर आधीची ड्रग्जची एक शिक्षा होती, त्यामुळे ज्युरीला पटवणे अवघड गेले नाही. ज्युरीतले सगळे गोरे होते. १९६८ मध्ये त्यांना ३१ ते ४१ वर्षांची शिक्षा झाली. काही वर्षांनी त्याच खबऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की आपली साक्ष खोटी होती. तरीही न्यायालयाने खटला पुन्हा चालवला नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने सोस्त्रे यांना ‘विवेकबंदी’ (केवळ मतांसाठी तुरुंगात टाकलेली व्यक्ती) ठरवले, १९७५ च्या नाताळात न्यूयॉर्कचे गव्हर्नर ह्यू केरी यांनी दयेचा अधिकार वापरला आणि १९७६ च्या फेब्रुवारीत ते सुटले. दुकान तोवर केव्हाच बंद पडले होते.

या बनावाचे सुटे भाग मोजून चारच आहेत. एक, स्वतःवर खटला टांगलेला खबऱ्या. दोन, खिशात मावेल एवढाच माल. तीन, ज्यात हेतू सिद्ध करायची फारशी गरज पडत नाही असा ताब्याचा किंवा विक्रीचा गुन्हा. चार, मालाच्या मानाने भलतीच मोठी शिक्षा. ह्यूस्टनचे विद्यार्थी कार्यकर्ते ली ओटिस जॉन्सन यांना १९६८ मध्ये साध्या वेशातल्या पोलिसाला गांजाची एक विडी दिल्याबद्दल ३० वर्षे झाली. मिशिगनचे जॉन सिंक्लेअर यांना दोन विड्यांसाठी १९६९ मध्ये साडेनऊ ते दहा वर्षे. सिंक्लेअर यांच्यासाठी १० डिसेंबर १९७१ ला ॲन आर्बरला सभा झाली, ‘बीटल्स’चा जॉन लेनन गायला, तीन दिवसांनी ते बाहेर आले आणि मार्च १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. जॉन्सनही १९७२ मध्येच सुटले, पण त्यांच्यासाठी लेनन आला नव्हता, त्यामुळे हे नाव आज कुणाला माहीत नाही.

राजद्रोहाचा खटला भरला तर आरोपी न्यायालयात भाषण ठोकतो, वर्तमानपत्रे ते छापतात आणि चळवळ वाढते. हेरॉइनच्या पुडीचा खटला भरला की न्यायाधीश म्हणतात, इथे राजकारण नको. देणगीदार मागे सरतात. शेजारी कुजबुजतात. आई-वडील पोराला सभेला जाऊ देत नाहीत. कार्यकर्त्यांतही दोन तट पडतात, कारण ‘आपला माणूस खरंच घेत असेल तर?’ हा प्रश्न कुणालाच खात्रीने सोडवता येत नाही. १२ सूचनांच्या पत्रात देणगीदार आणि पालकांचा उल्लेख उगाच नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ या लढाऊ संघटनेचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर त्याच नावावरून प्रेरणा घेऊन निघाली. त्यामुळे ब्लॅक पँथरचे शिकागोतले नेते फ्रेड हॅम्प्टन यांच्याबद्दल इथेही बोलले जाते आणि ‘त्यांना गुंगीचे औषध देऊन मारले’ हे सिद्ध झाल्यासारखे सांगितले जाते. त्यातले सिद्ध काय आहे ते पाहू. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पावणेपाचच्या सुमारास शिकागोत सरकारी वकिलाच्या पथकाने त्यांच्या घरावर छापा घातला. २१ वर्षांचे हॅम्प्टन आणि त्यांचे सहकारी मार्क क्लार्क ठार झाले. पोलिसांनी ऐंशीहून अधिक गोळ्या झाडल्या आणि आतून फार तर एक आली, असा निष्कर्ष संघीय ग्रँड ज्युरीने काढला. घराचा आराखडा, पलंगाच्या जागेसह, एफबीआयला देणारा विल्यम ओनील हा संघटनेतच सुरक्षाप्रमुख म्हणून वावरत होता. नंतर त्याला ३०० डॉलर बक्षीस मिळाले. १९८२ मध्ये शहर, कौंटी आणि संघ सरकार यांनी मिळून साडेअठरा लाख डॉलर देऊन दावा मिटवला. हे सगळे नोंदीत आहे.

गुंगीच्या औषधाचे तसे नाही. गोळीबार चालू असतानाही हॅम्प्टन जागे झाले नाहीत, असे त्यांच्या शेजारी असलेल्या त्यांच्या जोडीदाराने सांगितले. कुटुंबाच्या बाजूने झालेल्या तपासणीत रक्तात सेकोबार्बिटल हे झोपेचे औषध सापडले. सरकारी प्रयोगशाळांना मात्र काही सापडले नाही. दोन अहवाल, दोन निष्कर्ष. असा वाद मिटवायचा तर पहिल्या शवविच्छेदनाच्या वेळीच रक्ताचे नमुने दोन स्वतंत्र बाटल्यांत घ्यायचे असतात, त्यावर दोन्ही पक्षांसमोर सील लावायचे, एक बाटली तिसऱ्या प्रयोगशाळेकडे द्यायची, आणि बाटली कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याची सलग नोंद ठेवायची. देह टिकवण्यासाठी त्यात एकदा रसायन भरले की रक्त मूळचे राहत नाही आणि मग मागून काढलेल्या नमुन्यावर दोन्ही बाजू आपापले म्हणणे लादत बसतात. हॅम्प्टन यांच्या बाबतीत हा आरोप सोडून दिला तरी खुनाच्या कटाची कहाणी जराही हलकी होत नाही. उलट आराखडा आणि ३०० डॉलर हे निर्विवाद आहेत, मग गुंगीच्या वादग्रस्त औषधाला पुढे का करायचे?

आता अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए हिच्या एमके-अल्ट्रा या प्रकल्पाबद्दल थोडक्यात. १९५३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात माणसांना न सांगता एलएसडी दिले गेले, यात शंका नाही. पण ते प्रयोग कैदी, रुग्ण, सैनिक, स्वतःचेच कर्मचारी आणि वेश्यागृहात आलेले पुरुष यांच्यावर झाले. १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशाने फायली नष्ट केल्या गेल्या. १९७७ मध्ये हिशेबाचे सुमारे २० हजार कागद योगायोगाने सापडले. ‘विद्यार्थी चळवळ बुडवायला सीआयएने विद्यापीठांत एलएसडी पसरवले’ हे त्यांतून निघत नाही. रस्त्यावरचा माल चोरटे रसायनतज्ज्ञच बनवत होते. सीआयएच्या पाठबळावर लढणाऱ्या निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांचेही असेच. त्यांच्या भोवतालचे काही जण कोकेन आणत होते, सीआयएला ते ठाऊक होते आणि तरी संबंध तुटले नाहीत, हे सीआयएच्याच महानिरीक्षकांच्या १९९८ च्या अहवालात आहे. १९८२ मध्ये ॲटर्नी जनरल आणि सीआयए यांच्यात एक करार झाला होता, त्यामुळे कर्मचारी नसलेल्या हस्तकांचे ड्रग्जचे गुन्हे कळवण्याचे बंधन नव्हते. याला डोळेझाक म्हणावे, आणि ती गुन्हेगारी स्वरूपाची डोळेझाक होती. कृष्णवर्णीय वस्त्या बरबाद करण्याचा बेत त्यातून शाबीत होत नाही.

सरकारने स्वतः ड्रग्ज बनवल्याचे खणखणीत उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. वर्णद्वेषी राजवटीच्या लष्कराने १९८१ मध्ये ‘प्रोजेक्ट कोस्ट’ सुरू केला. प्रमुख होते डॉ. वाउटर बासोन, हृदयरोगतज्ज्ञ आणि तिथले सत्ताधीश पी. डब्ल्यू. बोथा यांचे खासगी डॉक्टर. ‘डेल्टा जी’ या आडोशाच्या कंपनीत सुमारे १,००० किलो मेथाक्वालोन आणि पुढे सुमारे ९०० किलो एमडीएमए (म्हणजे एक्स्टसी) तयार झाले. मेथाक्वालोन म्हणजे आपल्याकडे मॅन्ड्रॅक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळीतला मुख्य पदार्थ. एका गोळीत तो २५० मिलिग्रॅम असे. म्हणजे १,००० किलोत ४० लाख गोळ्या. लष्कराचे म्हणणे होते की कृष्णवर्णीय वस्त्यांमधला जमाव शांत करण्यासाठी तो अश्रुधुरासारखा वापरायचा होता.

रसायनाची जाण असलेल्या कुणालाही हे कारण तोकडे वाटेल. झोपेच्या औषधात गुंगी आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर कमी असते. मोकळ्या मैदानात वारा, अंतर, वय आणि वजन यांवर कुणाच्या फुफ्फुसात किती गेले ते ठरते. पुढच्या माणसाला दुप्पट, मागच्याला काहीच नाही, आणि कडेवरच्या मुलाला जीवघेणे. बंदिस्त जागेतही काय होते ते मॉस्कोत २६ ऑक्टोबर २००२ ला दिसले. नाट्यगृहातल्या ओलिसांना सोडवताना फेंटानिल या अतिशय तीव्र वेदनाशामकाच्या जातीचा वायू सोडला आणि सव्वाशेहून अधिक ओलीस दगावले. बाहेर रुग्णवाहिका पुरेशा नव्हत्या, डॉक्टरांना पदार्थाचे नाव सांगितले नव्हते, बेशुद्ध माणसांना उताणे झोपवल्याने जीभ मागे पडून श्वास कोंडला. ‘जीव न घेणारे’ रासायनिक हत्यार असे बिघडते.

१९९३ मध्ये सगळा साठा समुद्रात बुडवल्याचा दावा लष्कराने केला. जानेवारी १९९७ मध्ये बासोन प्रिटोरियात एक्स्टसीच्या गोळ्यांसह पकडले गेले आणि त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे कागदांनी भरलेल्या ट्रंका सापडल्या. १९९८ मध्ये वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व समेट आयोगासमोर शास्त्रज्ञांनी साक्षी दिल्या. २००२ मध्ये न्यायालयाने बासोन यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. २०१३ मध्ये वैद्यकीय परिषदेने व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि ते प्रकरणही पुन्हा न्यायालयात गेले. उत्पादन झाले हे शाबीत. ते माल म्हणून केपटाऊनच्या वस्त्यांत गेले, असा धागा कुणालाही शेवटपर्यंत जोडता आला नाही. त्याचे एक कारण आपल्या दाराशीच आहे. मेथाक्वालोन पहिल्यांदा १९५१ मध्ये भारतातच तयार झाले, १९८४ मध्ये इथे त्यावर बंदी आली आणि त्यानंतर भारतातल्या चोरट्या कारखान्यांचा माल मुंबईमार्गे आफ्रिकेत जात राहिला. तिथे तो गांजात कुस्करून फुटक्या बाटलीच्या गळ्यातून ओढतात. २०१६ मध्ये उदयपूरला महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे साडेतेवीस टन मॅन्ड्रॅक्स पकडले. बाजारात एवढा खासगी माल असताना सरकारी १,००० किलो वेगळे ओळखणार कसे?

चळवळींनी याला दिलेले एक उत्तर मात्र नोंदवायलाच हवे. नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्तोरिकन तरुणांच्या संघटनेने आणि साथीदारांनी लिंकन रुग्णालयाचा एक भाग ताब्यात घेऊन व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. सुरुवातीला मेथाडोनची मात्रा उतरत्या क्रमाने देत, पुढे कानाच्या पाच ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याची पद्धत रुळली. माणसे गोलाकार बसून अर्धा-पाऊण तास सुया ठेवत आणि त्याच वेळी राजकारणावर बोलत. १९७८ मध्ये महापौर एड कॉच यांच्या प्रशासनाने पोलीस पाठवून ते मूळ केंद्र बंद केले. पाच सुयांची पद्धत मात्र टिकली आणि आज अनेक देशांत वापरली जाते.

आता आपल्याकडचे. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात माल ताब्यात सापडला की कलम ३५ आणि ५४ प्रमाणे आरोपीला माहीत होते असे गृहीत धरले जाते, आणि नव्हते हे त्याने सिद्ध करायचे असते. वजन कायद्याने ठरवलेल्या ‘व्यापारी प्रमाणा’एवढे असेल तर कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. ते प्रमाण गांजाला २० किलो, चरसला १ किलो, हेरॉइनला २५० ग्रॅम, मेफेड्रोनला ५० ग्रॅम आणि एमडीएमएला अवघे १० ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर शुद्ध पदार्थाचे नव्हे, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचे वजन धरतात. पुडी कुणाच्या पिशवीत सरकवायची असेल त्याला पदार्थ निवडण्यापुरते एवढे गणित पुरे.

बचावाच्या जागा बारीकसारीक आहेत आणि पहिल्या काही तासांतच निसटतात. कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे हे आरोपीला सांगावेच लागते. पण हे फक्त अंगझडतीला लागू आहे, पिशवी, गाडी किंवा खोलीला नाही. नेमकी पिशवीच सोपी जागा असते. खबर मिळाली तर ती कलम ४२ प्रमाणे लिहून ७२ तासांत वरिष्ठांकडे जायला हवी. जप्तीनंतर कलम ५७ चा अहवाल ४८ तासांत. नमुने कलम ५२-अ आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर, दोन-दोन प्रतींत. सर्वसाधारण पदार्थांचे ५ ग्रॅम, अफू-गांजा-चरस यांचे २४ ग्रॅम. जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे; कॅमेरा माल सापडल्यावर सुरू झाला की आधी, हे वकिलाने पहिल्याच तारखेला विचारावे. अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब २०२० च्या तोफान सिंग निकालाने पुराव्यातून गेला. खोटी माहिती देऊन अटक करवणाऱ्याला कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मात्र खटल्यांत हे कलम क्वचितच दिसते.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. कार्यकर्त्याच्या अटकेची बातमी देताना पोलिसांनी सांगितलेली ‘आंतरराष्ट्रीय बाजारातली किंमत’ छापण्याआधी एवढे विचारावे: पदार्थ कोणता, वजन किती आणि ते लहान प्रमाणात येते की व्यापारी, अंगावर सापडला की पिशवीत, पंच कोण होते आणि याआधी किती पंचनाम्यांत त्यांची सही आहे, नमुना कोणत्या तारखेला दंडाधिकाऱ्यापुढे घेतला. आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईल तेव्हा, तो नकारार्थी असला तरी, पहिली बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर छापावा.

आपले,
अमली पदार्थांच्या खटल्यांत आणि रासायनिक तपासणीत काम करणारे काही वाचक, पुणे